मागून आलेली हाक

वाचकहो, मागील दोन अंकांत आपण घरातील न्हाणीघर आणि जिना वृद्धांसाठी सुरक्षित कसा करावा, याचा विचार केला. आज घराबाहेर पडू. ज्या कुटुंबांनी व्हीलचेअरसाठी गाडीत बदल करून घेतले आहेत, किंवा करून घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विषय आहे गाडीतील आवाज कमी करणाऱ्या साहित्याची निवड. हा विषय मोठे स्पीकर बसवणाऱ्या हौशी तरुणांचा, असे मलाही वाटत असे. एका प्रवासाने ते मत बदलले.

माझ्या वडिलांना, नानांना, कंपवात आहे. तपासणीसाठी त्यांना साताऱ्याहून पुण्यास न्यावे लागते. त्यासाठी आम्ही एका व्हॅनची मागची बाके काढून तेथे व्हीलचेअर बांधण्याची सोय आणि उतरता रॅम्प करून घेतला. पहिल्याच फेरीत धाकटा भाऊ गाडी चालवत होता आणि मी त्याच्या शेजारी होते. पुण्यात नानांना उतरवताना दिसले, की पट्ट्याची बकल बरगडीखाली रुतून कातडीवर लाल वळ उमटला आहे. ‘‘अगं, खंबाटकीपासून सांगतोय,’’ ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, तेच अधिक लागले. तासाहून अधिक काळ ते हाका मारत होते आणि अवघ्या चार-पाच हातांवर बसलेल्या आम्हा दोघांना त्या ऐकू आल्या नव्हत्या.

असे का झाले, याचा शोध घेतला तेव्हा कळले, की दोष आमच्या कानांचा नव्हता. गाडी बनवणारे जमिनीवर जाजम, त्याखाली जाड अस्तर आणि ठिकठिकाणी आवाज शोषणारे पट्टे बसवतात. व्हीलचेअरची जागा करताना हे सारे उचकटून टाकले जाते आणि उघड्या पत्र्यावर लोखंडी पट्ट्या बसवल्या जातात. त्यात रॅम्पची खडखड मिळते. साधे संभाषण एक मीटरवरून सुमारे ६० डेसिबल भरते, तर महामार्गाच्या वेगाने धावणाऱ्या अशा गाडीतला आवाज सहज ६५ ते ७० डेसिबलपर्यंत जातो. कंपवातात रुग्णाचा आवाज मंद होत जातो, पण आपण पुरेसे मोठ्याने बोलतो आहोत, असेच त्याला वाटत राहते. दुसऱ्या बाजूने, वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच स्वर हरपतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ ही व्यंजने विरतात आणि इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर उरलेले शब्दही झाकून टाकते. श्रवणयंत्र बोलण्यासोबत ही घरघरही वाढवते. शिवाय पुढे तोंड करून बसलेल्याचे ओठ मागच्याला दिसत नाहीत. म्हणून गाडी निःशब्द व्हावी, असे येथे उद्दिष्ट नाही. मागच्याचा शब्द पुढे आणि पुढच्याचा मागे पोहोचावा, एवढेच हवे आहे.

दुकानात जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आवाज रोखण्याची कामे तीन असतात आणि एकच साहित्य ती तिन्ही करत नाही. स्टीलचे ताट वाजवून त्यावर बोट टेकवले, की रणकार थांबतो. हे पहिले काम. त्यासाठी ब्युटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली चिकट शीट वापरतात. दार लावून घेतले, की बाहेरचा गलका अडतो. हे दुसरे काम. ते वजनच करते आणि त्यासाठी जड व्हिनाइलची चादर मिळते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या-गोधड्या आल्या की घुमणे थांबते. हे तिसरे काम, आणि ते नमदा किंवा मऊ फोम करतो. दुकानदार पुष्कळदा एकच पातळ फोम ‘सगळ्यांवर उपाय’ म्हणून पुढे करतो. तो उष्णता अडवील, पण इंजिनाची घरघर त्याने फारशी कमी होणार नाही.

रुग्णाच्या गाडीसाठी माझा क्रम असा आहे. प्रथम खर्च न लागणारी कामे करावीत. रॅम्पचे सांधे घट्ट करून त्याच्या टेकणाऱ्या कडांना रबराचे तुकडे लावावेत, दारांची चिरलेली बीडिंग बदलावी, टायरमधील हवा आणि व्हील बेअरिंग तपासून घ्यावे. सुट्या भागाची खडखड कोणत्याही शीटने थांबत नाही. त्यानंतर जमीन, मागच्या चाकांवरील कमानी आणि छप्पर येथे २ मिलिमीटर जाडीची ब्युटाइल शीट लावावी. सारा पत्रा मढवण्याची आवश्यकता नाही. पत्र्याच्या मध्यभागी चौथा ते तिसरा हिस्सा झाकला, तरी त्याचे झणझणणे बहुतांशी थांबते. ही शीट चौरस मीटरला ३ ते ४ किलो भरते. सगळीकडे चिकटवल्यास खर्चासोबत गाडीचे वजनही वाढते. छपरावरची शीट मात्र टाळू नये. पावसाळ्यात पत्र्यावर पडणाऱ्या सरींचा ताशा याच शीटने मंदावतो. जमिनीवर, शीटच्या वर, बंद छिद्रांचा फोम आणि त्यावर जड व्हिनाइल अंथरावे.

आता जे टाळावे, ते. डांबरी शीट स्वस्त असते, पण वैशाखाच्या उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते आणि वास सोडते. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या विकाराच्या रुग्णाला तो वास सोसवत नाही. कोणतीही शीट घेण्याआधी तिचा तळहाताएवढा तुकडा मागून आणावा, झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून दुपारभर उन्हात ठेवावा आणि संध्याकाळी झाकण उघडून वास घ्यावा. बरणीत जो वास येईल, तोच बंद गाडीत येणार आहे. काम झाल्यावरही दोन-तीन दिवस दारे उघडी ठेवून गाडी वाऱ्याला लावावी आणि मगच रुग्णाला तीत बसवावे.

नमदा आणि उघड्या छिद्रांचा फोम जमिनीवर वापरू नये. पावसाचे पाणी आत येते, व्हीलचेअरच्या चाकांना चिखल लागतो आणि लांबच्या प्रवासात कधी कपडे ओले होण्याचाही प्रसंग येतो. त्यात संकोच मानण्यासारखे काही नाही, पण ओल धरणाऱ्या साहित्यात बुरशी वाढते आणि दुर्गंध निघता निघत नाही. बंद छिद्रांचा फोम पाणी पीत नाही. सर्वांत वर पुसता येणारे, न घसरणारे आच्छादन असावे. थरांमुळे दाराशी किंवा रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा तयार होत असेल, तर तेथे थर कमी करावेत. अर्ध्या इंचाच्या कडेलाही व्हीलचेअरची पुढची लहान चाके अडतात.

एका बाबतीत मात्र कोणाचेही ऐकू नये. व्हीलचेअर बांधण्याचे आकडे आणि सीटबेल्ट यांचे बोल्ट थेट धातूवरच कसलेले असले पाहिजेत. त्यांच्याखाली फोम किंवा रबर राहिले, तर ते हळूहळू दबते आणि बोल्ट सैल पडतो. आमच्याकडे कारागिराने फोम आधी अंथरून आकडे त्यावर कसले होते. ते सारे उलगडून पुन्हा करून घ्यावे लागले. त्याचप्रमाणे दाराच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची भोके बुजवू नयेत, अन्यथा दारे आतून गंजतात. एअरबॅगच्या जागा, वायरिंगचे सांधे आणि सायलेन्सरजवळचा तापणारा पत्रा झाकू नये. सीएनजीची गाडी असल्यास टाकीचा व्हॉल्व्ह आणि गॅस बाहेर नेणारी नळी मोकळी राहिली पाहिजे. गाडीच्या अंतर्भागातील साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. साहित्य त्यात बसते का, हे विक्रेत्यास विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून मागावे. रॅम्प, आसने यांसारख्या मूळ रचनेतील बदलांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू होते. म्हणून ते बदल परिवहन कार्यालयाकडून नोंदणीपुस्तकात चढवून घ्यावेत.

काम यशस्वी झाले का, हे कसे ओळखावे? मोबाइलवरील आवाज मोजणारे ॲप नेमका आकडा सांगेलच असे नाही, पण आधी आणि नंतर यांची तुलना करण्यास ते पुरेसे आहे. त्याहून चांगली कसोटी माणसाची आहे. काम सुरू करण्याआधी वीस साधे शब्द कागदावर लिहावेत: पाणी, दुखतंय, थांब, औषध, खिडकी असे. ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेगाने, काचा बंद करून मागच्याने ते आपल्या नेहमीच्या आवाजात वाचावेत आणि पुढच्याने ऐकू आले ते सांगावेत. मग उलट करावे. काम झाल्यावर तीच परीक्षा त्याच रस्त्यावर पुन्हा घ्यावी. साहित्याने आवाज मोजकेच डेसिबल उतरतो, हे मान्य. परंतु हरवण्याच्या काठावर असलेल्या शब्दाला तेवढाच आधार पुष्कळ होतो. मात्र रुग्णवाहिकेचा भोंगा आणि मागच्या वाहनाचा हॉर्न चालकाला ऐकू आलाच पाहिजे, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

आणि साहित्य कितीही चांगले असो, त्यावर सारी भिस्त ठेवू नये. आम्ही नानांचा चेहरा दिसेल असा एक लहान आरसा पुढे बसवला आहे आणि त्यांच्या उजव्या हाताशी एक बिनतारी घंटी ठेवली आहे. दर अर्ध्या तासाने गाडी बाजूला घेऊन आम्ही पट्टा पाहतो. परवाच्या फेरीत शिरवळ ओलांडल्यावर मागून आवाज आला, ‘‘अरे, जरा हळू चालव.’’ भावाने वेग कमी केला. घंटीला नानांनी हातही लावला नव्हता.