पदक सांगू नका, टाइम सांगा

कडू लागेल, पण लिहितोच. आणि सुरुवात स्वतःपासून करतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की पत्रकार दुसऱ्यालाच शहाणपण शिकवतात.

परवा कपाट आवरताना जुन्या कात्रणांची फाइल सापडली. वीसेक वर्षांच्या बातमीदारीत जलतरणाच्या बातम्या निघाल्या अकरा. सगळ्या माझ्याच हातच्या. 'जलतरणात घवघवीत यश', 'सुवर्णपदकाला गवसणी', 'विभागीय स्पर्धेसाठी निवड'. प्रत्येक बातमीत खेळाडूचं नाव, शाळेचं नाव, संस्थाध्यक्ष, मुख्याध्यापक, मार्गदर्शक, सत्काराला हजर असलेले आठ-नऊ मान्यवर. यशाचं श्रेय आईवडील व गुरुजनांना. आणि अकरापैकी एकाही बातमीत ते पोरगं किती सेकंदांत पोहलं हे लिहिलेलं नाही.

खामगावच्या बाजार समितीत 'कापसाची जोरदार खरेदी' अशी बातमी मी भाव न टाकता दिली असती, तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. इथे कोणी काही बोललं नाही, कारण कोणाला टाइम पाहिजेच नव्हता. मलाही नव्हता.

डोळे उघडले ते मागच्या वर्षी, घरचंच पोर पाण्यात उतरलं तेव्हा. माझी पुतणी, वय तेरा. आजोबाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली. मग आमच्या इथल्या पंचवीस मीटरच्या तलावावर जायला लागली. शालेय स्पर्धेत २०० मीटर फ्रीस्टाइलला तिच्या गटात मुली होत्या तीन. म्हणजे पाण्यात उडी मारायच्या आधीच तिघींचं पदक पक्कं! आमची पहिली आली. फ्लेक्स लागला, पेढे वाटले. मी टाइम विचारायला टेबलापाशी गेलो तर उत्तर मिळालं, "काहून राजा, पोरगी पहिली आली ना? मंग टाइम काय करता?" ती स्पर्धा कोणाची, टेबलावर कोण होतं, ते लिहीत नाही. त्या माणसाचं चुकलं असंही नाही. त्याला त्याआधी कोणी विचारलंच नसेल. माझ्यासारखे पत्रकार फक्त पाहुण्यांची नावं विचारून जात होते.

पुढे ती विभागाला गेली आणि शेवटची आली. थोड्याथोडक्या फरकाने नाही राजेहो. बाकीच्या मुली बाहेर येऊन टॉवेल गुंडाळत होत्या, ही अजून पाण्यात होती. गाडीत परत येताना ती काकाला काय म्हणाली? "काका, मी तर सुवर्णपदकवाली होती ना?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुवर्णपदक आम्हीच तिला सांगितलं होतं. किती हळू पोहते हे कोणीच सांगितलं नव्हतं.

जलतरण हा घड्याळाचा खेळ आहे. कुस्तीत समोरचा पाडला की झालं. पाण्यात समोरचा कोण आहे यावर पहिलं-दुसरं ठरतं, पण आपण किती पाण्यात आहोत हे फक्त सेकंद सांगतात. १९६० च्या रोम ऑलिंपिकची गोष्ट जगप्रसिद्ध आहे. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटला तिन्ही घड्याळांनी ५५.२ सेकंद दाखवले, अमेरिकेच्या लान्स लार्सनला ५५.०, ५५.१ आणि ५५.१. तरी पंचांनी डोळ्यांवर विश्वास ठेवून सुवर्ण दिलं डेव्हिटला! तेव्हापासून माणसाच्या नजरेवरचा भरवसा उडत गेला आणि भिंतीला हात लागताच वेळ थांबवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या आल्या. त्याच रोममध्ये जून २०२१ ला आपल्या सजन प्रकाशने २०० मीटर बटरफ्लायमध्ये १ मिनिट ५६.३८ सेकंद काढले. ऑलिंपिकची थेट पात्रता होती १:५६.४८. एका सेकंदाच्या दहाव्या भागाने हा माणूस अशी थेट पात्रता मिळवणारा पहिला भारतीय जलतरणपटू झाला. जग सेकंदाचे तुकडे मोजतंय, आम्ही सेकंदही मोजत नाही.

आता कोणी म्हणेल, टाइम लिहून पोरगी जोरात पोहणार आहे का? हो, पोहणार आहे. हेच मला सांगायचंय.

विभागाहून परत आल्यावर मी गावच्या तलावावर मोबाइलचं घड्याळ लावून बसलो. २०० मीटरचे चार पन्नास वेगवेगळे टिपले : ३५, ४१, ४६, ४९. एकूण २ मिनिटं ५१. आकडे कागदावर उतरले आणि माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं की पोरगी कमजोर नाही, तिचा हिशेब चुकतोय. आम्ही काठावरून 'जोर लाव, जोर लाव' ओरडायचो, ती पहिल्या पन्नासात सगळा जोर लावायची, आणि शेवटी तिचे हात पाण्याबाहेर निघत नव्हते. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे सुरुवातीला घाईने वाचवलेले दोन सेकंद शेवटी सावकारी व्याजाने फेडावे लागतात. उडीमुळे पहिलं पन्नास तसंही आपोआप लवकर होतं, तिथे वेगळी धडपड करायची गरजच नसते.

मग आम्ही साधंच केलं. भिंतीला सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ टांगलं. पन्नास मीटरचे आठ फेरे, प्रत्येक बरोबर ४२ सेकंदांत, मधे वीस सेकंद दम. ४० मध्ये आली तरी चूक, ४४ मध्ये आली तरी चूक. पहिले चार दिवस ती रडकुंडीला आली, कारण हळू पोहायला सांगणारा माणूस तिने पाहिलाच नव्हता. दुसरी गोष्ट भिंतीपाशी वळण्याची. ती भिंत धरून, डोकं वर काढून, श्वास घेऊन मग वळायची. पंचवीस मीटरच्या तलावात २०० मीटरला सात वळणं होतात. वळणामागे अर्धा सेकंद वाचला तर साडेतीन सेकंद तिथेच मिळतात, फुकटात.

तीन आठवड्यांनी पुन्हा लावलं : ३७, ४२, ४३, ४२. एकूण २:४४. सात सेकंद कमी. तलाव तोच, दूध-केळी तीच. हा टाइम राज्याच्या मानाने अजून बराच मागे आहे, हेही तिला सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "मंग आता ४१ ने मारू का फेरे?"

मोठ्या पातळीवर हा हिशेब किती बारीक असतो ते आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला विचारा. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं. जलतरणात आशियाई पदक यायला १९८६ च्या खजानसिंगनंतर चोवीस वर्षं लागली होती. सरकारने कौतुक म्हणून त्याला तहसीलदार केलं. नोकरी मालवणला. मालवणला समुद्र भरपूर आहे, पण समुद्रात पन्नास मीटरचा सराव होत नसतो. तरी हा पठ्ठ्या परत आला, आणि २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ चा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत २२.४७. कांस्य गेलं २२.४६ ला. सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक हुकलं, आणि सकाळचाच टाइम संध्याकाळी निघाला असता तर ते गळ्यात होतं. आपल्याकडच्या टेबलावर हा माणूस 'चौथा' एवढाच नोंदला गेला असता.

आणि सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. १९७२, हायडेलबर्ग पॅरालिंपिक, ५० मीटर फ्रीस्टाइल, सुवर्ण, ३७.३३ सेकंद. पन्नासहून जास्त वर्षं झाली, परदेशातल्या तलावात काढलेला त्यांचा टाइम आजही शंभराव्या भागापर्यंत माहीत आहे. मागच्याच वर्षी आपल्या गावात पहिल्या आलेल्या पोराचा टाइम सांगा बरं कोणीतरी.

मला माहीत आहे, काही जण चिडतील. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन पळावं लागतं, आणि या भाऊला पोहण्याचं सुचतंय. रास्त आहे. म्हणूनच मी नवा तलाव मागत नाही, ऑलिंपिक दर्जाच्या नावाखाली कोटीचं अंदाजपत्रक तर मुळीच नाही. जे तलाव चालू आहेत, ज्या स्पर्धा दरवर्षी होतातच, प्रमाणपत्रं वाटली जातातच, तिथे फक्त टाइम लिहा म्हणतोय. याला पाणी लागत नाही, निधी लागत नाही. लाजेची तयारी लागते, कारण टाइम लिहिला की आपलं सोनं किती कॅरेटचं आहे ते उघड होतं. मला वाटतं अडचण तीच आहे. संस्थेला फ्लेक्स पाहिजे, पालकांना प्रमाणपत्र पाहिजे, आम्हाला बातमी पाहिजे. नुकसान एकट्या पोराचं, आणि ते त्याला दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या तलावात कळतं.

यात नोकरीचाही प्रश्न आहे बरं. सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. त्या शिडीची पहिली पायरी जिल्ह्याची. शेतकऱ्याचं पोर या आशेवर चार वर्षं पहाटे उठतं. तू शिडीवर कुठे उभा आहेस हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं, तर ते एकतर सुधारेल, नाहीतर वेळेवर दुसरी वाट धरेल.

तर यंदाच्या स्पर्धेला मी काठावर बसणार आहे, परवानगी मागूनच. हाताच्या घड्याळाचा नियम सोपा आहे : एका लेनला तीन घड्याळं, दोन सारखी निघाली तर तो टाइम, तिन्ही वेगळी निघाली तर मधला. माझ्याकडे तीन स्टॉपवॉच आहेत. चार लेन धरल्या तर आणखी नऊ घड्याळं आणि अकरा माणसं लागतील. निवृत्त मास्तर, क्रीडाशिक्षक, कॉलेजची पोरं, कोणीही चालेल. अट एकच, स्वतःच्या पोराच्या लेनला बसायचं नाही. मीही पुतणीच्या लेनला बसणार नाही.

बातमी मीच लिहीन. प्रत्येक पोराच्या नावापुढे टाइम असेल, शेवटच्याच्याही. पाहुण्यांची नावं जागा उरली तर.