परत कां आलांत ?

परदेशांत दीर्घ काळ एकट्यानें हिंडून घरीं परतलेल्या माणसाशीं आमचा समाज कसा वागत आला याचा इतिहास कोणी लिहूं म्हणेल, तर तो दोन प्रश्नांत आटोपेल. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं प्रश्न होता, ‘कां गेलांत ?’ आज प्रश्न आहे, ‘परत कां आलांत ?’ पहिला धर्माच्या नांवानें विचारला जाई, दुसरा पगाराच्या नांवानें विचारला जातो. या दोहोंमध्यें लोकांस मोठें अंतर दिसतें. आम्हांस तें फारसें दिसत नाहीं. दोन्ही प्रश्न विचारणाराचा निकाल आधींच ठरलेला असतो व उत्तराची त्यास गरज नसते. जो प्रश्न विचारावयास हवा, ‘काय पाहिलेंत ?’, तो विचारण्याची संवय आम्हीं स्वतःस लावून घेतलीच नाहीं. त्यापायीं जें नुकसान होत आलें आहे, त्याचा हिशेब मांडण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

जुन्या प्रश्नाचा प्रकार वाचकांस ठाऊकच आहे. समुद्रगमन कलिवर्ज्य ठरलेलें. तेव्हां विलायतेहून आलेल्या तरुणानें पंचगव्य घ्यावें, ब्राह्मणभोजन घालावें, आणि तरीही त्यास पंक्तीस घ्यावें कीं नाहीं याचा खल गांवानें महिनेच्या महिने करीत बसावें. समुद्र तर दूरच राहिला. पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा घेतला एवढ्या कारणावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य उभें राहिलें आणि त्या दोघांसही अखेर प्रायश्चित्त घ्यावें लागलें! या विधींत पापक्षालनाचा भाग थोडा व गांवाच्या हट्टाचा भाग फार. गेला होता तसाच माणूस आम्हांस परत द्या, मधलीं वर्षें जणूं झालींच नाहींत असें त्याच्याकडून वदवून घ्या, ही त्यांतील खरी मागणी होती.

प्रायश्चित्त गेलें आणि त्याच्या जागीं सत्कार आला. आम्ही सुधारलों असें यावरून पुष्कळांस वाटतें. अशा सद्‌गृहस्थांनीं जळगांवांत किंवा धुळ्यांत होणाऱ्या एखाद्या सत्कारसमारंभास घड्याळ घेऊन बसावें. प्रास्ताविक वीस मिनिटें, पाहुण्यांचा परिचय दहा मिनिटें, अध्यक्षीय भाषण चाळीस मिनिटें. आणि ज्याच्यासाठीं हा सारा थाट मांडला, त्यानें मात्र ‘वेळेअभावीं दोन शब्दांत’ मनोगत व्यक्त करावें! पंचगव्यानें त्याचें तोंड शुद्ध करीत, हारानें तें बंद करितात. फरक एवढाच.

आमची एक जुनी विद्यार्थिनी धुळ्याची. शिक्षण स्थापत्यशास्त्राचें. पुण्यांत कांहीं वर्षें नोकरी करून तिनें पैसे सांठविले आणि दोन-अडीच वर्षें ती दक्षिण अमेरिकेंत एकटी हिंडली. पेरू देशांत, कुझ्को शहराजवळच्या डोंगरांत, केचुआ शेतकऱ्यांचीं कांहीं गांवें एकत्र येऊन बटाट्याच्या शेंकडों जुन्या जाती सामाइकपणें जपतात. निळे, जांभळे, वेडेवांकडे असे ते बटाटे. कोणता कोठल्या उंचीवर लावावा, कोणता थंडीस टिकतो, याचें ज्ञान तेथल्या म्हाताऱ्या बायकांपाशीं. ही मुलगी तेथें कित्येक आठवडे राहिली आणि वह्या भरून घेऊन आली. आपल्याकडची भरीताची वांगीं, खानदेशची दादर ज्वारी, यांचें बीं गांवागांवांनीं असेंच राखावें, असा विचार तिच्या मनांत होता. घरीं आल्यावर तिला काय विचारण्यांत आलें ? तिकडे नोकरी मिळाली नाहीं का ? व्हिसा संपला का ? एवढा पैसा घालविलास, त्यांत जळगांवला फ्लॅट नसता का झाला ? आणि आतां लग्नाचें काय ? सत्कार झाला, तिच्या वांट्यास पांच मिनिटें आलीं. शेजारची एक वृद्धा तेवढी तिला जवळ बसवून म्हणाली, ‘‘काय काय देखं वं माय ?’’ त्या आजीबाईंनीं भुसावळापलीकडची दुनिया पाहिली नव्हती. परंतु साऱ्या गल्लींत योग्य प्रश्न त्यांनींच विचारला. सहा महिन्यांत मुलगी पुन्हां पुण्याच्या नोकरीवर रुजू झाली. वह्या धुळ्यास माळ्यावर आहेत.

यावर कोणी म्हणेल, एका मुलीच्या वह्या न वाचल्यानें समाजाचें असें काय बिघडतें ? त्यास आमचें उत्तर इतिहासांतून देतां येईल. गोव्यांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ सालीं, बुद्धाचा धर्म मुळांतून शिकावयाचा या एका ध्यासानें, घराबाहेर पडले. पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, पुढें सिंहलद्वीप व ब्रह्मदेश असा हा प्रवास. गांठीस पैसा नाहीं, पुष्कळदां पायीं, बहुतेक एकट्यानें. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांपाशीं त्यांनीं पाली भाषेचें अध्ययन केलें. १९०६ सालीं ते परतले तेव्हां त्यांच्यापाशीं पदवी नव्हती, नोकरी नव्हती, शिल्लक नव्हती. आजच्या गल्लीच्या हिशेबानें सात वर्षें फुकट गेलीं ! परंतु बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीं त्यांस सांगितलें कीं, महाराष्ट्रांत कोठेंही राहा, तीन वर्षें दरमहा ५० रुपये मिळतील, वर्षास एक ग्रंथ लिहून द्या. कलकत्ता विद्यापीठाची अधिक वेतनाची जागा सोडून कोसंबी इकडे आले. १९१२ पासून फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं पाली शिकविली. हार्वर्डनें त्यांस पुनःपुन्हां बोलाविलें. आणि बुद्ध मराठी वाचकाच्या घरांत आला तो बव्हंशीं त्यांच्या हातानें. त्या पन्नास रुपयांच्या पाठीमागें एक प्रश्न होता : तुम्हीं काय आणलें आहे, आणि तें आमच्या भाषेंत कसें उतरेल ? हा प्रश्न विचारणारा कोणी न भेटता, तर कोसंबींच्याही वह्या माळ्यावरच गेल्या असत्या.

विचारणारा भेटला नाहीं म्हणजे काय होतें याचींही उदाहरणें आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १९१२ च्या सुमारास परतले आणि त्यांनीं २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. त्यासाठीं भागभांडवल व वर्गणीदार गोळा करीत या विद्वानास गांवोगांव हिंडावें लागलें. १९३७ सालीं ते गेले ते ओढग्रस्तींतच. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांची कथा तर याहून विषण्ण करणारी. क्रांतिकार्यासाठीं तरुणपणींच देश सोडलेला. इंग्रज सरकारच्या भयानें परतीची वाट बंद. मेक्सिकोंत १९२४ पासून त्यांनीं गहूं व मका यांवर संशोधन केलें आणि तेथल्या शेतकऱ्यांस शहाणें केलें. मेक्सिकोच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकारानें त्यांचें चित्र रेखाटलें. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशीं आले आणि १९६७ सालीं नागपुरास वारले. मका पिकविणाऱ्या आमच्या जिल्ह्यांतील पदवीधरांच्या वर्गांत आम्ही हें नांव विचारतों, तेव्हां शंभरांत एक हातही वर होत नाहीं.

आतां खानदेशावर आम्ही अन्याय करीत आहों असें कोणास वाटूं नये. बाहेरून आलेली वस्तु स्वीकारण्यांत आमचा प्रांत मागें नाहीं. ठिबक सिंचन इस्रायलांत वाढलें. १९८० नंतरच्या काळांत भवरलाल जैन यांनीं तें जळगांवच्या शेतांत आणलें, आणि आमच्या केळीबागांचें रूप पालटलें. मग आम्ही कशास रुसतों ? रुसतों तें यासाठीं कीं, नळी आली तर आम्ही ती एका हंगामांत ओळखतों, आणि विचार आला तर त्यास दारांत उभा करून त्याचा पगार विचारतों. ज्याचा भाव लगेच ठरतो तेंच ज्ञान, अशी ही समजूत आहे. ती जुन्या सोंवळ्याहून अधिक संकुचित आहे. कारण सोंवळें निदान परलोकाचा तरी विचार करी!

आमच्यावर एक आक्षेप येईल, व तो खोटा नाहीं. परदेशाहून आलेले कांहीं लोक असह्य असतात. पाण्याचा पेला हातांत घेतला कीं ‘तिकडे’ सुरू होतें. तिकडे रस्ते असे, तिकडे माणसें तशीं. आणि दोन महिन्यांच्या मुक्कामांत आईच्या हातची कळण्याची भाकरीही त्यांस जड होते. अशांचें कौतुक करा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परंतु पोकळ मनुष्य व भरलेला मनुष्य यांतील भेद कळावयाचा कसा ? बोलूं दिल्यानेंच कळणार. ज्यास सांगण्यासारखें कांहीं नाहीं, तो तासाभरांत उघडा पडेल. पांच मिनिटांत मात्र दोघेही सारखेच दिसतात. किंबहुना बढाईखोरास पांच मिनिटें अधिक सोईचीं पडतात.

दुसरी एक गोष्ट परतणाऱ्यांस सांगणें अवश्य आहे. जो गेला तोच तेवढा प्रवासी, असें त्यांनीं मानूं नये. कोसंबी सात वर्षें हिंडत होते, तीं सातही वर्षें गोव्यांतल्या घरीं त्यांच्या पत्नीनें काढलीं व तान्ही मुलगी वाढविली. त्या प्रवासास ना नकाशा, ना कौतुक. आज जळगांवच्या एखाद्या वसाहतींत सायंकाळीं फिरावें. एकामागून एक बंगल्यांत दोनच दिवे, दोनच माणसें, आणि समोर भिंतीवर दूरदेशच्या नातवंडांचीं छायाचित्रें. मुलगा परत येतो तेव्हां बापाची दृष्टि मंदावलेली असते, आईनें दोन शस्त्रक्रिया त्यास न कळवितां करून घेतलेल्या असतात. ‘काय पाहिलेंत ?’ हा प्रश्न म्हणून दोन्ही बाजूंनीं विचारला गेला पाहिजे. जो आपल्या वह्या वाचल्या जाव्या म्हणतो, त्यानें आईच्या औषधांची चिठ्ठीही एकदां वाचावी. या बाबतींत आम्ही घराचा कैवार घेण्यास लाजत नाहीं.

आणि हें सर्व आमच्या लोकांस जमणार नाहीं असें म्हणावें, तर खानदेशची आखाजी डोळ्यांपुढें येते. अक्षय्यतृतीयेस सासरीं गेलेल्या लेकीस आणावयास मुऱ्हाळी जातो. ती येते, निंबाच्या फांदीस झोका बांधलेला असतो, गौराई मांडलेली असते, पुरणपोळी व आमरस होतो. झोक्यावर बसून त्या मुली अहिराणींत गाणीं म्हणतात, आणि त्या गाण्यांतून सासरचें सारें येतें, सुख येतें, छळही येतो. आई ऐकते, शेजारणी ऐकतात. ‘कां आलीस ?’ असें त्या दिवशीं कोणी विचारीत नाहीं. विचारील तर गांव त्याच्या तोंडांत मारील. गेली तशीच परत आली पाहिजे, असाही आग्रह नाहीं. ती पालटली आहे हें तिच्या चेहऱ्यावरून ओळखतात व जपून घेतात. परक्या घरीं एकटीनें राहून आलेल्या माणसाचें स्वागत कसें करावें याची रीत आमच्या आज्यांस पूर्ण अवगत होती. आम्हां पदवीधरांस ती विसरावयास लागली. कारण आम्ही लेक सोडून पासपोर्ट मोजूं लागलों.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. जळगांव, धुळें, अमळनेर येथें जुनीं वाचनालयें आहेत. ज्या अमळनेरांत १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर उभें राहिलें व जेथें पुढें साने गुरुजींनीं शाळेंत मुलें शिकविलीं, तेथें ऐकण्याची परंपरा नवी घडवावयास नको. महिन्यांतून एक सायंकाळ अशी ठेवावी कीं, बाहेरून परतलेल्या एका माणसानें तास-दीड तास सांगावें, आणि इतरांनीं मागाहून प्रश्न विचारावे. हार नको, शाल नको, अध्यक्ष तर मुळींच नको. बोलणारा प्राध्यापक असो, मालवाहू जहाजावरचा खलाशी असो, आखातांत गवंडीकाम करून आलेला असो, कीं एकटीनें डोंगर हिंडून आलेली मुलगी असो. जें कामाचें वाटेल तें कोणीतरी टिपून वाचनालयांत ठेवावें. त्या सभेंत एकच प्रश्न निषिद्ध असावा, आणि तो कोणता हें या लेखाच्या मथळ्यावरच छापलें आहे.

खानदेशचीं मुलें-मुली जात राहणार. त्यांस अडवूं नये व अडवितांही येणार नाहीं. त्यांतलीं कांहीं परत येतील. तीं दारांत उभीं राहतील तेव्हां हातांत तांब्या द्यावा, बसूं द्यावें, आणि त्या धुळ्याच्या आजीबाईंप्रमाणें विचारावें. माळ्यावरच्या त्या वह्या खालीं काढण्यास अजून उशीर झालेला नाहीं.