कूलंट मशीन घेताय? आधी कामाची वही उघडा



बार्शीकडच्या एका होतकरू गॅरेजवाल्याचा परवा फोन आला. नवीन शेड टाकलंय, एक लिफ्ट आहे, कॉम्प्रेसर आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. म्हणाला, "सर, कूलंट एक्स्चेंज मशीन घेऊ का? डीलर म्हणतोय दोन महिन्यांत पैसे वसूल." मी विचारलं, मागच्या महिन्यात कूलंटची कामं किती झाली? तो म्हणाला, "असतील की दहा-बारा." असतील की, म्हणजे माहीत नाही. मी म्हटलं, मग आत्ता नको घेऊस.

त्याला राग आला असणार. पण मी हे पुस्तक वाचून सांगत नाही, स्वतःचे हात पोळल्यावर सांगतोय.

आधी आपल्या गावाचं बघू. सोलापुरात पाणी गोठायची भीती कुणाला नाही, म्हणून अर्ध्या गिऱ्हाइकांना वाटतं की कूलंट हे थंड देशातल्या लोकांचं लाड. "आपल्याकडं साधं पाणी चालतं." नाही चालत. एप्रिल-मे मध्ये इथं पारा ४२-४३ ला जातो. माणसं एसी फुल करून पुण्याहून निघतात, टेंभुर्णी, मोहोळ करत अडीचशे किलोमीटर येतात आणि गावात शिरल्यावर सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहतात. नुसतं पाणी १०० अंशाला उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असेल तर उकळबिंदू १०६-१०७ च्या आसपास जातो, आणि रेडिएटरचं झाकण नीट दाब धरत असेल तर तो १२५ च्या पुढे सरकतो. ही पंचवीस अंशांची उसंत आपल्याला उन्हाळ्यात लागते. दुसरं कारण बोअरचं पाणी. घरातल्या गिझरची कॉइल काढून बघा, पांढरा थर दिसेल. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. त्यात गंज रोखणारं औषध काहीच नसतं, म्हणून वॉटर पंपाची पाती खातात, ॲल्युमिनियमचं हेड खातं.

म्हणजे कूलंट बदलायचं काम आपल्या भागात खरंच आहे. प्रश्न ते कशानं करायचं, एवढाच.

मी २०१८ मध्ये मशीन घेतलं. दोन टाक्यांचं, एका टाकीत नवीन कूलंट, दुसरीत जुनं येणार. रेडिएटरच्या वरच्या पाइपात जोडायचं, इंजिन चालू ठेवायचं, गरम होऊन थर्मोस्टॅट उघडला की जुनं बाहेर आणि तेवढंच नवं आत. बघायला लई भारी. साध्या पद्धतीनं खालचा नळ उघडून रिकामं केलं तर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या कोअरमध्ये बरंच जुनं पाणी राहतं, मशीननं ते जवळजवळ सगळं निघतं. हा फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. मी गाडी बाहेर उभी करून पोरांना गोळा करून दाखवायचो. फेसबुकवर फोटो टाकला.

पहिल्याच महिन्यात एक टॅक्सीवाले काका आले. माझे जुने गिऱ्हाईक, तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूर अशा देवदर्शनाच्या फेऱ्या मारायचे. गाडीत वर्षानुवर्षं बोअरचं पाणी, रंग चहासारखा. मी म्हटलं, काका बघा आता जादू. मशीन लावलं, अर्ध्या तासात हिरवंगार कूलंट आत. पैसे घेतले, गाडी दिली.

चौथ्या दिवशी तुळजापूरच्या घाटात काटा लालला गेला. गाडीत भाविक, दर्शनाची घाई, काकांनी तशीच अजून दोन-तीन किलोमीटर ओढली. हेड गॅस्केट गेलं. रेडिएटर उघडला तर आत सुटलेल्या गंजाचा आणि क्षाराचा चिखल, निम्म्या नळ्या बंद. त्या आधीपासूनच बंद व्हायला लागलेल्या होत्या, नव्या कूलंटनं भिंतीला चिकटलेला थर सुटला आणि उरलेल्याही भरल्या. मशीनचा काही दोष नव्हता. मी रेडिएटर तपासला नव्हता, झाकण तपासलं नव्हतं, आधी फ्लश केलं नव्हतं. मशीन होतं म्हणून लावलं.

हेड फेसिंग, गॅस्केट, रेडिएटर. निम्मा खर्च मी सोसला. काका भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "जुन्या पाण्यावर सहा वर्षं चालली की गाडी. तुझ्या नव्या पाण्यावर चार दिवस." ते परत आले नाहीत. त्यांच्या स्टँडवरच्या तीन गाड्याही यायच्या थांबल्या. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता यायचा.

आता हिशोब बघा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा मशीन ४५,००० रुपयांचं, दीड वर्षाच्या कर्जावर घेतलं, हप्ता साधारण २,८०० पडतो. साध्या पद्धतीनं कूलंट बदलायची मजुरी तुम्ही ३०० घेता, मशीननं ६०० घ्याल. म्हणजे मशीनची कमाई ६०० नाही, ३०० आहे! इथंच सगळे चुकतात. उरलेले ३०० तुम्ही तसेही कमावत होता. महिन्याला आठ कामं झाली तर २,४०० झाले, हप्तासुद्धा निघाला नाही. शिवाय एक्स्चेंज करताना थोडं नवं कूलंट जुन्यात मिसळून जातंच, म्हणून गाडीच्या क्षमतेपेक्षा जास्त लागतं. ते जादा कूलंट बिलात लावलं नाही तर तेही तुमच्याच खिशातून. बीबीएला हे पेबॅक पीरियड म्हणून शिकवलं होतं आम्हाला, पेपरात उत्तरही बरोबर लिहिलं होतं मी. मशीन समोर दिसल्यावर विसरलो.

डीलर ज्या कामांवर "दोन महिन्यांत वसूल" म्हणतो ती कामं मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरची असतात. आपलं कूलंटचं काम फेब्रुवारी ते मे एवढंच जोरात. पावसाळ्यात गिऱ्हाईक वायपर आणि ब्रेक मागतं.

मग पहिल्या दिवशी काय घ्यायचं? माझं मत ठाम आहे. आधी तपासायची हत्यारं, मग भरायचं, आणि सगळ्यात शेवटी एक्स्चेंज मशीन.

रिफ्रॅक्टोमीटर घ्या. हातात मावतो, कूलंटचा एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं. त्यात गोठणबिंदू दिसतो, त्यावरून कूलंट आणि पाण्याचं प्रमाण कळतं. निम्म्यानं मिसळलेलं असेल तर उणे ३७ च्या जवळ रेघ येते. गिऱ्हाइकाला दाखवलं की हसतं, "सोलापुरात उणे ३७?" हसू द्या. मग त्याच्याच गाडीतला थेंब टाकून दाखवा, रेघ शून्यावर. पुढं तुम्हाला काही बोलावं लागत नाही. वापरण्याआधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवून घ्यायचं, हे पोराला पहिल्या दिवशीच शिकवा. एक ध्यानात ठेवा, यावरून फक्त प्रमाण कळतं. गंजरोधक औषध संपलंय का ते कळत नाही, त्यासाठी टेस्टच्या पट्ट्या वेगळ्या मिळतात.

दुसरा प्रेशर टेस्टर. हातपंपानं सिस्टिममध्ये दाब भरायचा आणि काटा धरतोय का बघायचं. झाकणही त्यावरच तपासायचं. काकांच्या गाडीला मी हे केलं असतं तर निदान बोलायला जागा तरी राहिली असती.

तिसरा व्हॅक्युम फिलर, आणि हा माझा लाडका. तुमच्याकडे कॉम्प्रेसर आहेच. हा त्याच हवेवर चालतो, मोटर नाही, वायर नाही. जुनं कूलंट खालून काढायचं, इंजिन थंड पाहिजे. रेडिएटरच्या किंवा टाकीच्या तोंडात कोन बसवायचा, हवा सोडायची, आतली हवा खेचली जाते आणि काटा खाली जातो. पाइप चपटे होताना दिसतील, घाबरू नका, तसंच होतं. आता व्हॉल्व्ह बंद करून थांबायचं. काटा हलला नाही तर कुठं गळती नाही, सरकला तर आहे, भरण्याआधी शोधा. मग नळी कूलंटच्या कॅनमध्ये बुडवायची (नळी आधी कूलंटनं भरून घ्या, नाहीतर तिच्यातली हवा आत जाते), दुसरा व्हॉल्व्ह उघडला की कूलंट आपोआप ओढलं जातं. एअर लॉकचा त्रास जवळजवळ संपतो. ज्यांनी झाकण उघडं ठेवून, बॉनेटखाली तोंड घालून, बुडबुडे मोजत तासभर काढलाय त्यांना हे किती मोठं आहे ते कळेल.

ब्लॉकमध्ये राहिलेल्या जुन्या पाण्याचं काय, असं विचाराल. शुद्ध केलेलं पाणी भरा, इंजिन गरम करा, थंड होऊ द्या, काढा. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत परत करा. मग कूलंट. आत थोडं पाणी उरलेलं असतं हे धरून शेवटी रिफ्रॅक्टोमीटरनं प्रमाण जुळवा. वेळ जातो, मान्य. पण सुरुवातीला तुमच्याकडे वेळच जास्त असतो, पैसे कमी.

रंगावरून कूलंट ओतू नका. हिरवं, लाल, गुलाबी हे कंपन्यांनी आपापल्या सोयीनं दिलेले रंग आहेत, आतलं रसायन वेगळं असू शकतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कोणता प्रकार लिहिलाय तो बघा. आणि कॉन्सन्ट्रेट तसंच ओतणारे मिस्त्री मी पाहिलेत, "जास्त घट्ट, जास्त चांगलं." उलटं आहे. उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त चांगलं, निव्वळ कॉन्सन्ट्रेटनं इंजिन जास्त तापतं.

निघालेलं जुनं कूलंट गटारीत किंवा शेडमागं ओतायचं नाही. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोडसर असतं आणि विषारी असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. लहान मुलांचंही तेच. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात लिहा, आणि घातक कचरा घेण्याची परवानगी असलेल्यालाच द्या. पाण्याच्या बाटलीत तर चुकूनही ठेवू नका.

माझं मशीन अजून आहे. आता दोन ट्रॅव्हल्सवाल्यांच्या गाड्या नेमानं येतात, मार्च-एप्रिलमध्ये ते रोज चालतं. चार महिने वहीत कामं लिहा, कोणती गाडी, किती लिटर, किती वेळ. महिन्याला वीसच्या वर कामं दिसली तर खुशाल घ्या. घेताना जीएसटीचं सीएला विचारा, कारण कम्पोझिशनमध्ये असाल तर मशीनवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, तेवढी किंमत वाढली असं धरा. कोन आणि पाइपचे जोड किती मापांचे येतात, फुटले तर सुटे मिळतात का, हे आधी विचारा. आणि डेमो त्यांच्या शोरूममधल्या गाडीवर बघू नका. तुमच्या शेडमध्ये, गिऱ्हाइकाच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या गाडीवर, इंजिन गरम असताना करून दाखवायला सांगा.