शेततळे त्याचे, पाणी कोणाचे?

2016 साली राज्य सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. नाव 'मागेल त्याला', पण अट किमान 0.60 हेक्टर, म्हणजे दीड एकर जमिनीची. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याने मागायचे कुठे?

योजनेचा हेतू पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्याचा होता. नाशिक जिल्ह्यात सिन्नर, चांदवडकडे फिरून बघा. चारही बाजूंनी मातीचा उंच बांध, आत प्लॅस्टिकचा कागद. बांधामुळे शिवारातले पाणी आत येत नाही, कागदामुळे आतले जमिनीत मुरत नाही. मग अशी कितीतरी तळी विहिरी-बोअरच्या मोटारीने भरली जातात आणि ते पाणी उन्हाळ्यात द्राक्ष, डाळिंबाला जाते.

30 बाय 30 मीटरचे, 3 मीटर खोल तळे बाजूंचा उतार धरूनही सुमारे 20 लाख लिटरचे होते. जलजीवन मिशनच्या माणशी रोज 55 लिटरच्या हिशेबाने हे 100 माणसांचे वर्षभराचे पाणी! याच गावात आपल्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघणार असतील, तर याला विकास म्हणायचे का?

कोणी म्हणेल, शेतकऱ्याने पदरचा पैसा घातला आहे. खरे आहे. कर्जात बुडालेल्या लहान शेतकऱ्याशी आपले भांडण नाहीच. पण अनुदान सरकारी तिजोरीतले आहे आणि भूजल बांधाची हद्द ओळखत नाही. 1882 च्या इंग्रजी कायद्याने जमीनमालकाला खालच्या पाण्यावर हक्क दिला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीनच मिळू दिली नाही, त्यांचे पाणीही त्या कायद्याने गेले.

दुसरा मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमध्ये पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याची वाटणी जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरली. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला बंदी होती.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडचे चवदार तळे खुले केले. ते तळे सार्वजनिक होते. आज सार्वजनिक पाणीच खाजगी तळ्यात जात आहे. म्हणून येत्या ग्रामसभेत तीन मागण्या लेखी द्या: अनुदानाचे तळे पावसाच्या पाण्यानेच भरावे, उन्हाळ्यात आधी पिण्याचे पाणी आणि गावच्या पाण्यात भूमिहीनांचा माणशी वाटा. ठरावाची नक्कल घेतल्याशिवाय उठू नका.

जय भीम!