वाऱ्याला पंचनाम्यात जागा नाही



हिवाळ्यात ज्वारी आडवी पडली की साहेबमंडळींचे एक वाक्य ठरलेले असते : "निसर्गापुढे कोणाचे चालते?" निसर्गापुढे चालत नाही, हे आम्हा कोरडवाहू शेतकऱ्यांना साहेबांच्या आधी कळले आहे. आमचे भांडण वाऱ्याशी नाही. वारा थांबल्यावर जो कागद निघतो, त्या कागदाशी आहे.

11 फेब्रुवारी 2018 चा रविवार आठवा. जालना, बीड, बुलढाणा, वाशीम या पट्ट्यात वादळी वारा, पाऊस आणि गारा. 2017 चा कापूस बोंडअळीने खाल्लेला, सगळी भिस्त ज्वारी-हरभऱ्यावर. तीही गेली. मग पंचनामे झाले. काही ठिकाणी नाव, गट नंबर आणि पीक लिहिलेली पाटी हातात देऊन शेतकऱ्याला त्याच्याच शेतात उभे केले आणि फोटो काढला, पोलीस ठाण्यात चोराचा काढतात तसा. मदत ठरली कोरडवाहूला हेक्टरी 6,800 रुपये, म्हणजे एकरी पावणेतीन हजारांच्या आसपास. तीही 2 हेक्टरपर्यंत, आणि नुकसान निदान 33 टक्के असेल तर. एवढे तरी मिळाले ते गारांच्या नावावर. नुसता वारा असता तर?

केंद्राच्या आपत्ती निधीच्या यादीत बारा आपत्ती आहेत. त्सुनामी आहे, बर्फाचा कडा कोसळणे आहे, समुद्रावरून येणारे चक्रीवादळ आहे. आमच्या काळ्या रानात सुटणारा वादळी वारा नाही. राज्याने अवेळी पाऊस आपल्या यादीत घातला. म्हणजे वारा पावसाचे किंवा गारेचे बोट धरून आला, तरच तो पंचनाम्यात शिरतो.

आता विम्याचे पाहा. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वादळ हा शब्द आहे, पण तो मंडळाच्या सरासरी उत्पन्नाच्या खात्यात. उभ्या पिकात एकट्या शेतकऱ्याच्या शेताची पाहणी व्हायची ती गारपीट, भूस्खलन, पाणी साचणे, ढगफुटी आणि विजेने लागलेली आग यांसाठीच. 2025 च्या खरिपापासून महाराष्ट्राने एक रुपयाची योजना मोडली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर नेऊन ठेवली. ते दारही लागले. वारा मात्र मंडळाची हद्द पाहून सुटत नाही. टेकाडावरची ज्वारी झोपते, ओढ्याच्या आडोशाची उभी राहते. मग सरासरी निघते, आणि झोपलेल्याचे नुकसान उभ्याच्या पिकात जिरते.

लोळलेल्या ज्वारीचे नुकसान साहेबांना दिसत नाही, कारण ताट मेलेले नसते. पण ज्वारी हुरड्यात असताना पडली तर दाणा भरत नाही, पोचट राहतो. पक्व झाल्यावर पडली तर कणीस ओल्या मातीला टेकते, बुरशी धरते, दाणा काळा पडतो. मोडलेले, भिजलेले धांडे कुजतात, जनावर तो कडबा तोंडात धरत नाही. आडवे पीक काढायला मजूर जास्त लागतात. ओल तुटलेल्या रानात खडखड्याने धांडा आतून पोकळ होतो आणि वाऱ्याच्या एका झोताने बसतो. मग पाहणीला आलेला माणूस म्हणतो, हा रोग आहे, वारा नव्हे! कडब्याचा तर पंचनाम्यात रकानाच नाही. ज्याच्या गोठ्यात दोन बैल आहेत, त्याला विचारा कडबा म्हणजे काय.

कापसाची तीच गत. 26 नोव्हेंबर 2023 ला वारा-पावसाने वेचणीला आलेला कापूस मातीत पाडला. मातीचा, पाल्याचा कापूस वेचायला मजुरी जास्त, बाजारात भाव कमी. त्या वेळी राज्याने कोरडवाहूची मदत हेक्टरी 13,600 आणि मर्यादा 3 हेक्टर केली. 2024 च्या दोन्ही निवडणुका उरकल्या, आणि मे 2025 मध्ये तीच मदत 8,500 आणि 2 हेक्टरवर आली. कापसाच्या बोंडाचे वजन या मधल्या काळात घटले होते काय?

सांगतील, वारा मोजायचा कसा? तो मोजला जातोच आहे. महावेध प्रकल्पात राज्यात मंडळागणिक दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पावसाबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशाही त्यांत नोंदते. यंत्राला वारा दिसतो, फक्त कायद्याला दिसत नाही.

म्हणून जिल्हा मेळाव्यात हे ठराव मांडत आहोत :

1. वादळी वारा स्वतःच्या नावाने आपत्तीच्या यादीत घ्या. महावेधची नोंद पुरावा माना.

2. वाऱ्याने लोळलेल्या पिकाची विमा पाहणी गट नंबरवार करा. मंडळाची सरासरी आमच्या गळ्यात नको.

3. ज्वारीच्या नुकसानीत कडबा आणि काढणीची वाढीव मजुरी धरा.

4. मदतीचा दर उत्पादन खर्चाला बांधा, निवडणुकीला नव्हे.

आपल्याकडूनही कसूर होते, तेही बोलू. ई-पीक पाहणी केली नाही, तर सात-बारावर पीक नाही आणि पीक नाही तर नुकसानही नाही. वारा थांबला की त्याच दिवशी फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एकट्याने नको, सगळ्या गावाने मिळून द्या. एका अर्जाची पुडी होते, चारशे अर्जांची फाईल होते.

मेळाव्याला येताना लोळलेल्या ज्वारीची एक पेंडी आणि मातीतला मूठभर कापूस बरोबर आणा. कलेक्टर साहेबांच्या टेबलावर निवेदन ठेवू, त्यावर हे ठेवू. कागदात जे बसत नाही, ते डोळ्यांनी तरी पाहू द्या.