मोहाची उपेक्षा

ज्या वृक्षाचे नाव घेताच शहरातील माणसाला प्रथम दारू आठवते, तो वृक्ष म्हणजे मोह. एखाद्या उपकारी वृक्षाची याहून मोठी विटंबना क्वचितच झाली असेल. संस्कृतात त्याला मधूक म्हणतात. गुडपुष्प हेही त्याचे जुने नाव आहे. हे नाव ज्याने ठेवले त्याने फूल नुसते पाहिले नव्हते, चाखलेही होते, हे उघड आहे. कारण वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो.

सातपुडा, मेळघाट, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि पालघरचा डोंगराळ भाग या प्रदेशांत मोह चांगला वाढतो. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने झडतात आणि फांद्यांच्या शेंड्यांशी फुलांचे झुबके लोंबू लागतात. ही फुले रात्री उमलतात. त्यांच्या उग्र, गोड वासाने वटवाघळे येतात व एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. पहाटेच्या सुमारास फुलांचे फिकट पिवळे, रसाळ पेले टपटप खाली पडतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खाली पडतो तो केवळ पाकळ्यांचा पेला; ज्यातून पुढे फळ धरावयाचे, तो भाग फांदीवरच राहतो. आंब्याचा मोहोर कोणी तोडला तर त्याला आंबे मिळावयाचे नाहीत. मोहाची फुले मात्र टोपल्या भरभरून वेचली, तरी फळ कमी होत नाही.

दिवस उजाडण्यापूर्वीच बायका व मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. उशीर झाला तर अस्वलांनी व चितळांनी आपला वाटा उचललेला असतो. कित्येक गावांत कोणते झाड कोणत्या घराचे, हे परंपरेने ठरलेले असते आणि ती मर्यादा सहसा कोणी मोडत नाही. अंगणात वाळवलेली फुले मनुकांसारखी तपकिरी होतात. ती उकडून खातात, भाजून खातात, भाकरीच्या पिठात मिसळतात, तिळाबरोबर कुटून त्यांचे लाडू वळतात. धान्याच्या कणगीचा तळ दिसू लागण्याच्या दिवसांत या फुलांनी गोंड, कोरकू, भिल्ल, वारली अशा कितीतरी जमातींची घरे जगवली आहेत. पुढे पावसाच्या तोंडावर फळे पिकतात. बियांचे तेल स्वयंपाकाला, दिव्याला आणि भेगाळलेल्या पायांना उपयोगी पडते. थंडीत ते तुपासारखे थिजते. पेंड शेताला खत होते, पानांच्या पत्रावळी होतात.

आता दारूचा आक्षेप. तो खोटा नाही. दारूने घरे उद्ध्वस्त होतात, आणि लोकांच्याच आग्रहामुळे १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. परंतु दारू तर द्राक्षांची आणि उसाच्या मळीचीही होते. म्हणून द्राक्षाला वा उसाला कोणी नावे ठेवीत नाही! मोहाला मात्र शिक्षा झाली. १८९२ मध्ये इंग्रजांच्या मुंबई सरकारने मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्यांवर निर्बंध घातले. दारूवरील कराचे उत्पन्न बुडू नये, ही त्यामागची चिंता होती. गरिबाच्या पोटाची नव्हे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करण्यावरील व बाळगण्यावरील बंधने सैल केली, हे योग्यच झाले.

तथापि मोहावरचे खरे संकट निराळेच आहे. शेताच्या बांधावर, गावाच्या शिवारात जुने, विशाल मोह दिसतात. त्यांच्याभोवती लहान रोपे शोधू गेले तर पुष्कळदा एकही सापडत नाही. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्या आगीत कोवळी रोपे करपतात, आणि वारा असला तर आग रानात शिरते. उरलेली रोपे गुरे-शेळ्या खातात. बियाही तेलासाठी बहुतेक वेचल्या जातात. आजोबांनी राखलेल्या झाडाची फुले नातू वेचतो, पण त्याच्या नातवासाठी झाड वाढत नाही. फुले वेचणाऱ्यांना यासाठी दोष देणे सोपे आहे. पण ज्यांची चूल त्या फुलांवर चालते, त्यांना आगीऐवजी दुसरा उपाय हाती दिला पाहिजे. झाडाखाली जाळी बांधली तर फुले अलगद तिच्यात पडतात, माती लागत नाही, स्वच्छ फुलांना भावही बरा येतो आणि काडी पेटवावी लागत नाही. अशा जाळ्या गावोगावी पुरवणे फार खर्चाचे काम नव्हे.

लागवड करणाऱ्याला मात्र धीर हवा. मोहाचे बी टिकत नाही. काही आठवड्यांतच त्याची उगवण्याची शक्ती जाते. म्हणून फळ पिकताच ताजे बी काढून पावसाच्या आरंभी पेरावे. सोटमूळ खोल जात असल्याने मोठे रोप उपटून लावले तर ते बहुधा जगत नाही. बी जागेवरच टोचावे किंवा उंच पिशवीत रोप करावे. पहिला बहर येण्यास सुमारे दहा वर्षे लागतात, कधी अधिकही. कलमी रोपे त्याआधी फुलतात. बहर एकदा सुरू झाला की पुढे कित्येक दशके तो चालू राहतो. पण पहिली तीन-चार वर्षे रोपाभोवती काट्यांचे कुंपण असलेच पाहिजे, कारण शेळीला मोहाचा पाला फार आवडतो.