अर्जांतील रिकामी चौकट

गेल्या उन्हाळ्यांत शिरूर येथील एका विद्यार्थिसाहाय्य-निधीच्या चालकांनीं अर्जाचा नमुना तयार करण्याचें काम मजकडे सोंपविलें. गुरुजींना व्याकरण येतें, तेव्हां अर्जहि येईल, असा त्यांचा समज असावा. अर्ज संगणकाच्या पडद्यावरच भरून पाठवितां येईल असा हवा होता. आमच्या धाकट्या सूनबाई पुण्यास पुस्तकांचीं पानें जुळविण्याचें काम करतात. त्यांनीं मला इनडिझाइन नांवाच्या सॉफ्टवेअरचे धडे दिले. पासष्टी उलटल्यावर शिष्य होण्यांत एक सुख आहे. चुकीबद्दल छडी बसत नाहीं.

हें साधन मूळचें छापील पानांच्या मांडणीचें. परंतु २०१२ सालच्या ‘सीएस ६’ या आवृत्तीपासून त्यांत भरावयाच्या चौकटीहि काढतां येतात. चौकट आंखावी, ती मजकुराची, खुणेची, कीं यादी उघडणारी, तें ठरवावें, तिला एक नांव द्यावें. मग पान पीडीएफच्या रूपानें बाहेर काढलें कीं अर्ज सिद्ध झाला.

वाक्याचा अर्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता आणि संनिधि हीं तीन लागतात असें आपले शास्त्रकार सांगतात. अर्जासहि तींच लागतात. नुसत्या ‘दिनांक’ या शब्दापुढें चौकट ठेवली, तर जन्माचा कीं अर्जाचा, ही आकांक्षा तशीच राहते. ‘अग्नीनें शिंपतो’ या वाक्यांत योग्यता नाहीं. तसेंच जेथें एकच उत्तर संभवतें तेथें गोल खुणांचा गट हवा, अनेक संभवतात तेथें चौकोनी खुणा. संनिधि म्हणजे प्रश्न व त्याची चौकट शेजारीं असणें. टॅबची कळ दाबतां एका चौकटींतून पुढच्या चौकटींत जातां येतें. तो क्रमहि नीट लावावा लागतो.

मीं विद्यार्थ्याच्या व वडिलांच्या, अशा दोन्ही चौकटींस ‘नांव’ हेंच नांव दिलें होतें. एका नांवाच्या चौकटी पीडीएफ एकच मानतो. एकींत लिहिलें कीं दुसरींत तेंच उमटूं लागलें. “बाबा, मुलगाच बाप झाला कीं हो!” असें म्हणून सूनबाई हंसल्या. ती चूक लगेच सुधारली. दुसरी मात्र कोणाच्याच ध्यानांत आली नाहीं.

चौकटीस ‘आवश्यक’ ठरविण्याची एक खूण असते. अशी चौकट रिकामी राहिली तर ‘पाठवा’ ही कळ दाबूनहि अर्ज जात नाहीं. माझ्या शिक्षकी स्वभावास ही सोय फारच आवडली. ‘वडिलांचा व्यवसाय’ या चौकटींत शेती, नोकरी आणि धंदा हे तीन पर्याय घालून मीं ती आवश्यक करून टाकली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशीं संध्याकाळीं एक मुलगी व तिची आई दारीं आल्या. वडील वारून तीन वर्षें झालीं होतीं. बाजारपेठेंतील संगणकाच्या दुकानांत अर्ज जाईना, तेव्हां दुकानदारानें ‘शेती’ निवडून मोकळें होण्याचा सल्ला दिला. मुलगी मला म्हणाली, “गुरुजी, मेलेल्या माणसाला शेती कशी करायला लावूं?” आई इतकेंच बोलली, “घर मी चालवतें, पण माझ्या कामाला ह्यांत रकानाच नाहीं.”

मी खालीं मान घातली. चाळीस वर्षें मुलांना खरें लिहावयास शिकविलें, आणि माझाच अर्ज एका मुलीस खोटें लिहावयास लावीत होता. त्याच रात्रीं सूनबाईंस बसवून ‘पालक’ असा नवा गट केला: आई, वडील, अन्य. व्यवसायाच्या यादीस ‘इतर’ जोडून पुढें मोकळी जागा ठेविली. चालकांनीं मुदत आठ दिवस वाढविली. दुसऱ्या दिवशीं तिचा अर्ज आला: पालक आई, व्यवसाय शेतमजुरी.

महाराष्ट्र शासनानें मार्च २०२४ मध्यें असें ठरविलें कीं, १ मे २०२४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नांवापुढें शासकीय कागदपत्रांत आधीं आईचें, मग वडिलांचें नांव व शेवटीं आडनांव लिहावें. म्हणजे चौकट वाढली. परंतु शासनाचा निर्णय आपल्या मंडळाच्या वा वाचनालयाच्या अर्जांत आपोआप उतरत नाहीं. तो आंखणारानें उतरवावा लागतो.

आतां घरोघरीं कोणी ना कोणी असे अर्ज करीत असतें. त्यांस माझी विनंती एवढीच कीं, अर्ज वाटण्यापूर्वीं तो एकदां विधवेच्या मुलीच्या नांवानें, एकदां आजीजवळ वाढणाऱ्या नातवाच्या नांवानें स्वतः भरून पाहावा. ‘आवश्यक’ ही खूण त्यानंतरच करावी.